दोनच दिसतात

प्रिय बाबा,

पाच आठवडे झाले, मी तुमचा फोन उचललेला नाही. काल दादाने मला चांगलंच सुनावलं. म्हणाला, 'बाबा दिवसभर स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून आत बसतात, जेवायला दोनदा हाक मारावी लागते. त्यांचं काय चुकलं ते एकदा सांगून तरी टाक.' फोनवर सांगायला गेले तर मी ओरडेन, नाहीतर रडेन. ओरडले तर तुम्ही म्हणाल पोरगी उद्धट झाली, आणि रडले तर म्हणाल दमली असेल. दोन्हीकडून तुम्ही सुटता. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा. मध्येच घडी घालून खिशात ठेवू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे.

तुम्ही आमच्याकडे आलात तो दिवस. माझ्या मुंगीच्या चांगल्या डोळ्यावर, म्हणजे डाव्या, रोज सहा तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी उजव्या डोळ्याला झक मारत काम करावं लागतं, हे मी तुम्हाला सकाळीच समजावलं होतं. दोनदा समजावलं होतं. दुपारी ऑफिसातून आले तर पट्टी चहाच्या बशीत पडलेली, पोरीला खिडकीपाशी स्टुलावर बसवलेलं, आणि तुम्ही कॅमेरा रोखून सांगत होतात, 'हनुवटी अशी वळव. माझ्याकडे नको बघू, पडद्याकडे बघ.' मी विचारलं, पट्टी का काढली? तुम्ही कॅमेऱ्यावरची नजरसुद्धा न काढता म्हणालात, 'फोटोपुरती काढली गं. कशाला पोरीला विद्रूप करून ठेवतेस? आपोआप सरळ होतो डोळा. तुझा नाही का झाला?'

तेव्हा मला फक्त पट्टीचा राग आला होता. तो मी तिथल्या तिथे काढला, आणि तुम्ही न जेवता संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. ते शेवटचं वाक्य मला दुसऱ्या दिवशी टोचलं. ऑफिसात जुन्या नकाशांची यादी करत होते, आणि हात थांबला. तुझा नाही का झाला? बाबा, माझ्या डोळ्यात काही खोट आहे हे मी तुम्हाला जन्मात सांगितलेलं नाही. आईला सांगितलं नव्हतं, दादाला नाही. मग तुम्हाला कुठून कळलं?

आता आपल्या रविवारच्या सकाळी आठवा. स्टुडिओ बंद असायचा. तुम्ही टेबल पुसून त्यावर तुमचे जोडफोटो मांडायचात. एकच कॅमेरा, एकच देखावा, फोटो दोन. पहिला काढला की कॅमेरा त्या लाकडी पट्टीवर अडीच इंच सरकवायचा आणि दुसरा काढायचा, कारण माणसाच्या दोन डोळ्यांत तेवढंच अंतर असतं. मधल्या वेळात कुणी हलायचं नाही. मी हलायचे, म्हणून तर तुम्ही मला भिंगरी म्हणायला लागलात. मग दोन्ही प्रिंट पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायच्या. बाकीच्यांना त्यासाठी भिंगं लागतात, चष्मे लागतात, तुम्हाला काही लागायचं नाही, याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. 'कागदाकडे बघायचंच नाही,' तुम्ही सांगायचात, 'कागदाच्या पलीकडे, लांब कुठेतरी बघतोय असं बघायचं. डोळे सैल सोडा. दोनाचे तीन होतील. मधला धरून ठेवा, तो उभा राहतो.'

दादाचा उभा राहायचा. सायकलचं हँडल कागदातून बाहेर यायचं आणि तो हात पुढे करून ते धरायला जायचा. मग तुम्ही माझ्याकडे वळायचात. माझ्यासमोर दोन फोटो असायचे आणि दोनच राहायचे. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघायचे. पहिले दोन रविवार मी खरं तेच सांगितलं. तुमचा चेहरा असा काही उतरला की तिसऱ्या रविवारी मी म्हणाले, दिसलं, हँडल पुढे आलं. तुम्ही मला उचलून गरागरा फिरवलंत. आईला स्वयंपाकघरातून हाक मारलीत, ओल्या हातांनी ती धावत आली. मी वर्गात पहिली आले तेव्हाही तुम्ही एवढे खूश झाला नव्हतात. सात वर्षांची होते मी. त्यानंतर मी त्यात पटाईत झाले. मोठं दिसतं ते जवळचं. ज्याने दुसऱ्याला झाकलंय ते पुढचं. आणि काहीच कळेना तर दादाला आधी बोलू द्यायचं.

हे खोटं मला बाविसाव्या वर्षी महागात पडलं. नकाशा कार्यालयात मी मुलाखतीला गेले होते, विमानातून घेतलेल्या फोटोंवरून डोंगरांच्या उंच्या काढायच्या कामासाठी. लेखी परीक्षेत माझा पहिला नंबर होता. साहेबांनी दोन फोटो माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि हसून म्हणाले, 'आमच्या जुन्या माणसांना भिंगसुद्धा लागत नाही. तुम्ही तर फोटोग्राफरच्या कन्या, तुम्हाला घरचीच सवय असेल.' मग एका जागेवर बोट ठेवून विचारलं, ही टेकडी आहे की खळगा? वरून सगळंच सपाट दिसतं, बाबा. माझी एकही युक्ती तिथे चालेना. मी म्हणाले, टेकडी. ती दगडाची खाण होती, ऐंशी फूट खोल. साहेब भले होते, रागावले नाहीत. त्यांनीच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उजव्या डोळ्याने मला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, डोळा निरोगी आहे, पण लहानपणी तो वाकडा वळत असणार, म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलंय. सहाव्या-सातव्या वर्षी पट्टी लावली असती तर सुधारला असता.

मला दप्तरखान्यात जागा मिळाली. सोळा वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर क्रमांक टाकते आहे. तुम्हाला मी सांगितलं की वरच्या जागा भरल्या होत्या. का सांगितलं, माहीत आहे? मला वाटायचं दोष माझाच. मी दिसलं म्हणाले म्हणून तुम्हाला कळलं नाही, आणि हे तुम्हाला आता कळलं तर तुम्ही स्वतःला खात बसाल. सोळा वर्षं मी तुम्हाला जपलं. कपात ओतायचं पाणी शेजारी सांडलं की स्वतःला धांदरट म्हणवून घेतलं. जिना उतरताना कठडा धरते म्हणून दादाच्या पोरांनी मला आजीबाई म्हटलं, तेही हसून ऐकलं.

आणि मग मागच्या सुट्टीत तुम्ही मुंगीसमोर तोच सायकलचा पुठ्ठा धरलात. मी आत कप विसळत होते. ती म्हणाली, 'आजोबा, दोनच दिसतात.' तुम्ही म्हणालात, नीट बघ. ती म्हणाली, 'नीटच बघितलं. दोनच आहेत. तुम्ही मोजा ना.' तुम्ही पुन्हा विचारलंत, पुन्हा विचारलंत, मग आवाज चढवलात आणि तिला हट्टी म्हणालात. पाच वर्षांची पोर, ओठ थरथरत होता, पण तिने दोनाचे तीन केले नाहीत. मी नळ वाहता सोडून बाहेर आले. त्याच आठवड्यात तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजवा डोळा. माझाच डोळा पोरीने उचललाय. पण बाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.

तुम्ही पट्टी काढलीत त्या भेटीनंतर पुढच्या तपासणीला गेले तेव्हा बाईंनी मला विचारलं, 'तुमचा स्वतःचा डोळा कधी वळायला लागला? तान्ही असल्यापासून की नंतर? आधी अधूनमधून की एकदम कायमचा?' मुलीचं चष्मा आणि पट्टीवर भागेल की ऑपरेशन करावं लागेल, हे ठरवताना आईचा इतिहास उपयोगी पडतो म्हणाल्या. मला काहीच सांगता येईना. त्या म्हणाल्या, 'लहानपणचे फोटो आणा, फोटोत सगळं दिसतं.' मला हसू आलं. फोटोग्राफरची मुलगी मी, फोटोंना काय तोटा. अल्बम काखेत मारून गेले. त्रेचाळीस फोटो निघाले. निम्म्यांत माझी मान डावीकडे वळवलेली, उजवा डोळा सावलीत. आणि उरलेल्या निम्म्यांत मी समोर बघते आहे, दोन्ही डोळे पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ. बाईंनी एकावर भिंग धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'यावर कुणीतरी हात फिरवलाय. बुबुळ सरकवलंय, पण दिव्याची चमक होती तिथेच राहिली. दोन्ही डोळ्यांत ती एका जागी हवी.'

शाळेत मला कुणी चकणी म्हटलं की मी घरी येऊन, कुणाला न सांगता, भिंतीवरचे माझे फोटो बघायचे. त्यात मी चकणी नव्हते. आरशापेक्षा मी तुमच्या फोटोंवर जास्त विश्वास ठेवला, बाबा.

मग मी तुमच्या स्टुडिओत फोटोंवर हात फिरवायचे त्या रिटचरकाकांकडे गेले. इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतात, हात आता कापतो त्यांचा. मी अल्बम उघडून पुढे ठेवला. ते खाली बघून म्हणाले, 'आठ वर्षं तुझा डोळा मीच सरळ केला, बाई. निगेटिव्हवर नखाएवढी जागा. एकीकडे चाकूने खरवडायचं, दुसरीकडे पेन्सिलीने भरायचं. एकेका फोटोला अर्धा दिवस जायचा. तुझे बाबा शेजारी उभे राहून करून घ्यायचे.' मला वाटलं, एवढंच असेल. हौशी माणूस, पोरीचे फोटो चांगले यावेत म्हणून केलं असेल. इतपत मी गिळलंही असतं.

पण म्हाताऱ्या माणसाने मनात साठवलेलं एकदा सुटलं की थांबत नाही. त्यांनी विचारलं, 'तुला ती पट्टी आठवत नाही?' मला आठवत होती ती रांजणवाडी. मी सहा-साडेसहा वर्षांची असताना डोळ्यावर कापड बांधलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, रांजणवाडी झालीय, चार दिवसांत बसेल. काका म्हणाले, रांजणवाडी कसली. आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. आई. तुमच्याशी भांडून, एकटी. डॉक्टरांनी पट्टी दिली, वर्षभर लावायला सांगितलं. पाचव्या दिवशी मी शाळेतून रडत आले, पोरं मला एकडोळा डाकू म्हणत होती, आणि तुम्ही काकांच्या टेबलावरची कात्री घेऊन पट्टी कापून टाकलीत. आई स्टुडिओत येऊन गिऱ्हाइकांसमोर तुमच्याशी भांडली म्हणे. तुम्ही तिला म्हणालात, 'माझ्याच्याने हे बघवत नाही. मी घरीच तिच्या डोळ्यांचा व्यायाम घेतो.'

म्हणजे रविवार. तो व्यायाम होता, ती परीक्षा होती, आणि मला वाटत होतं खेळ आहे. कुणीतरी मला सांगायचं होतं ना की, पोरी, इथे खोटं बोललीस तर तुझाच डोळा जाईल. मी तुमचा पडलेला चेहरा उचलायला दिसलं म्हणाले, आणि तुम्ही ओल्या हातांच्या आईला बोलावून दाखवलंत, बघ, दोन्ही डोळे काम करताहेत, पट्टीची गरज नाही. तिचं तोंड माझ्या खोट्याने बंद केलंत. आई जाऊन आठ वर्षं झाली. तिला मी शेवटपर्यंत भित्री, तुमच्यापुढे तोंड न उघडणारी समजत होते.

इथपर्यंतसुद्धा मी म्हणाले असते, माणूस आहे, फसला. पण मग बटणं आठवली. दादा तापाने झोपला होता तो रविवार. तुम्ही नवा जोडफोटो आणला होता. काळ्या कापडासमोर दोऱ्यांना टांगलेली पाच बटणं. मागची मोठी, पुढची छोटी, अशी हिशेबाने निवडलेली की कागदावर पाचही एकसारखी दिसावीत. कुणी कुणाला झाकत नव्हतं. तुम्ही विचारलंत, सगळ्यात जवळचं कोणतं? मी म्हणाले, मधलं. तुम्ही म्हणालात, पुन्हा बघ. मी म्हणाले, डावीकडचं. मग उजवीकडचं. तुम्ही पुठ्ठा उलटा ठेवलात, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, 'शाब्बास. जा, खेळ.' त्यानंतर रविवार बंद झाले. मला वाटलं मी पास झाले. तुम्ही ती बटणं मुद्दाम टांगली होती, बाबा. कापडापासून दोऱ्यापर्यंत सगळं मला पकडायला मांडलं होतं. तुम्ही मला पकडलंत. त्या दुपारी तुम्हाला नक्की माहीत होतं की तुमच्या मुलीला एकाच डोळ्याने दिसतं. मी साडेसात वर्षांची होते, अजून वेळ होती, डॉक्टर दोन गल्ल्यांवर होते. आणि तुम्ही मला खेळायला पाठवलंत.

मी किती तरी वेळा तुमच्या बाजूने विचार करून बघितला. गावातला नावाजलेला फोटोग्राफर, लोक लग्नाच्या मुलींना घेऊन येतात, काचेच्या पेटीत स्वतःच्या मुलीचा फोटो लावलाय, तिच्या डोळ्यावर पट्टी कशी चालेल. की तसं नव्हतंच? की मी रडलेली तुम्हाला खरंच बघवलं नाही? काका म्हणतात, तुम्ही पट्टी कापलीत तेव्हा तुम्हीही रडत होतात. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. दुष्टपणा असता तर मी एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते.

हे सगळं ऐकवून मन हलकं करावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, ते हलकं झालेलंही नाही. मी निघताना काका एक गोष्ट बोलले. ते म्हणाले, जोडफोटोंना आम्ही कधी हात लावला नाही, लावताच येत नाही. एका फोटोवर पेन्सिलीचा ठिपका पडला तरी बघताना तो हवेत तरंगतो. आणि तुम्ही दर वर्षी शाळा सुरू होताना माझा एक जोडफोटो काढायचात, समोरून, मान न वळवता, तिसऱ्या वर्षापासून अकराव्यापर्यंत. ते नऊ पुठ्ठे पत्र्याच्या डब्यात तुमच्या कपाटात आहेत, मागे तारखा आहेत, आणि शटर अर्धं ओढून तुम्ही तेच बघत बसत असणार. मला ते हवे आहेत. सोमवारी अकरा वाजता मुंगीची तपासणी आहे, तेव्हा बाई ऑपरेशनचं ठरवतील, आणि माझा डोळा कधी वळला हे जगात फक्त त्या डब्यात आहे. दादा रविवारी इकडे येतोय, डबा त्याच्याकडे द्या, नऊच्या नऊ. सोबत एका कागदावर तुमच्या अक्षरात लिहा: पट्टी कोणत्या महिन्यात लागली, त्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, तुमच्याकडे कुणाचा डोळा असा होता का. माफी वगैरे लिहू नका, ती वाचायला मला सध्या वेळ नाही. तुम्ही मला खेळायला पाठवलंत तेव्हा माझ्या हातात थोडीच वर्षं उरली होती. मुंगीच्या हातात अजून पुष्कळ आहेत, आणि त्यातला एक दिवससुद्धा मी आता कुणाच्या मायेपायी वाया जाऊ देणार नाही.

तुमचीच,
भिंगरी